डाळजच्या रस्त्याकडं वळणारी पट्टी

॥ बिरोबा प्रसन्न ॥
(वरचा बिरोबा सुलटा लिहिला आहे, याची नोंद घ्यावी. कारण पुढं येईल.)

मु. पो. कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती
रविवार, वैशाख महिना, सन १९९६

तीर्थस्वरूप बापूसाहेब दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे जोतीरामचा, हात जोडून नमस्कार. हात जोडतो म्हटलं तरी डाव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं आहे, तेव्हा नमस्कार जरा तिरपा झाला तर तो अपमान समजू नये. इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे. पण आमच्याकडं क्षेम आहे की नाही हे मलाच कळेनासं झालंय, म्हणून तेवढं वाक्य सोडून देतो. तुमची तब्येत कशी आहे? तुमचा पुतण्या मल्हार भिगवणला भेटला होता, तो म्हणाला की डॉक्टरांनी तुमच्या चहातली साखर बंद करायला सांगितलीय आणि तुम्ही ऐकत नाही. ऐकत जा. आई बरी आहे. डोळ्यांना कमी दिसतं, गुडघे कुरकुरतात, पण घरात कुणाच्या ताटात भाकरी उरली हे तिला भिंतीपलीकडून कळतं.

तुमच्या टेम्पोवाल्यानं तुमचं झाडं कापायचं मशीन आणि निरोप दोन्ही पोचते केले. निरोप असा होता की डाळजच्या नव्या घराच्या दाराची चौकट आमच्या बांधावरच्या कडुलिंबाची हवी, पावसाच्या आत दार बसवायचंय, तेव्हा जोतीरामनं झाड तोडून ठेवावं, गाडी येऊन ओंडका घेऊन जाईल. चौकटीबद्दल माझं काही म्हणणं नाही. आक्कानं शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात, माझ्यादेखत, तुमच्याकडं तेच मागितलं होतं, की घर बांधाल तेव्हा दाराला माझा लिंब लावा, येता-जाता हात लागंल. तुम्ही तिचा शब्द ठेवताय हे ऐकून मला बरंच वाटलं. मन खट्टू झालं ते 'गाडी येऊन' या दोन शब्दांनी. दाजी, आक्काचे दिवस घातल्यापासून तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत. त्या दिवशी आई सगळ्या भावकीसमोर तुमच्यावर ओरडली, 'माझी लेक दिली तशी माघारी द्या,' आणि तुम्ही पायात चप्पल सरकवून जे निघालात ते निघालात. दुःखात माणूस काय बोलतो ते त्याचं त्याला कळत नाही. पण तुम्ही ते मनात धरून बसलात, आणि आई त्यावर आजतागायत एक अक्षर बोललेली नाही. दोघांच्या मध्ये मी, आणि आता हा लिंब.

लिंब कुणाचा, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी पत्र नीट व्हावं म्हणून लिहितो. घरात मुलीच मुली झाल्या म्हणून आक्काचं नाव नकोशी ठेवलं, बारशाला कुणी फिरकलं नाही, आणि आईनं रागानं तिची नाळ बांधावर पुरून त्यावर लिंबाचं रोप लावलं. (तिच्यामागं मी झालो, म्हणून नाव फळलं असं लोक म्हणायचे. आक्का मला चिमटे काढून ते फळ पिकलंय का बघायची.) पंचमीचा तिचा झोका याच झाडाला असायचा. रस्त्याकडच्या फांदीवर दोराची खाच अजून आहे, बोट घातलं तर बसतं.

आता मशीनकडं येतो. पहिल्या दिवशी हात बसावा म्हणून मी अंगणातला बाभळीचा ओंडका घेतला. दोरी ओढली. दोरी ओढता ओढता खांदा निखळायची वेळ आली तेव्हा गोजरबाईनं (माझी बायको, विसरला नसाल) चुलीपुढून न उठता विचारलं की ते लाल बटण कशाचं हाय. ते चालू करायचं बटण होतं. मशीन सुरू झालं आणि बाभळीत शिरलं, पण सरळ जाईना. विळीच्या पात्यासारखा बाक घेत गेलं. मला वाटलं, नवशिक्याचा हात आहे, चालायचंच. तसाच लिंबाकडं गेलो आणि बुंध्याला लावलं. दाजी, चेन जिच्याभोवती पळते ती पट्टी चार बोटं आत गेली, मग शांतपणे वळली आणि रस्त्याच्या बाजूनं सालीतून बाहेर आली. कलिंगडाची फोड निघावी तशी एक फोड खाली पडली, आणि मी त्या फोडीकडं बघत उभा.

घरी आणून पट्टी खोलली. नटांखाली एक काळी, ऑईलनं माखलेली चिंधी निघाली. ती आक्काची, हे लगेच ओळखलं. तुम्ही चष्म्याशिवाय पाना लावायला गेलात की तो नटाऐवजी बोटाला लागायचा, म्हणून मशीनचे नट खोलणं-आवळणं तिच्याकडं असायचं, आणि हादऱ्यानं नट ढिले होऊ नयेत म्हणून ती लुगड्याच्या काठाची चिंधी खाली घालायची. मी ती चिंधी पाण्याच्या बंबात टाकून जाळली. (इतकं बारीक का लिहितो, तेही पुढं कळेल.) पट्टीची खालची कड पार झिजलेली. ज्या गाळ्यातून चेन पळते त्याची एक भिंत उंच, एक बुटकी, आणि गाळा इतका रुंद की चेन आत बाजेवर लोळल्यासारखी लोळत होती. वरची कड मात्र नव्यासारखी. हे कोडं काही सुटेना, म्हणून अकबरला बोलावलं. अकबर म्हणजे स्टँडवर इंजिनं दुरुस्त करतो तो, तुमच्या लग्नात बुंदी वाढत होता.

अकबरनं पट्टी हातात घेतली, दोन्ही अंगांनी बघितली आणि म्हणाला, "पाव्हण्यांनी ही कधी उलटी फिरवलीच न्हाय. अधनंमधनं फिरवायची आसती, म्हंजी दोनी कडा सारख्या झिजत्यात."

मी म्हणालो, "फिरवतील कशी? देव उलटा हुतोय की."

कारण दाजी, पट्टीवर काय आहे ते तुम्हीच जाणता. खंडेनवमीला मशीन पूजेत मांडायचं तर त्यावर देवाचं नाव नको का, म्हणून आक्कानं भिगवणच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याला गाठलं आणि पट्टीवर 'बिरोबा प्रसन्न' टिचून घेतलं. त्या माणसाचा हात लग्नाच्या भांड्यांना सरावलेला, त्यानं खाली 'सौ. नकोशी यांजकडून भेट' असंही ठोकून दिलं. त्यामुळं पट्टी फिरवली की बिरोबा डोक्यावर उभा राहतो आणि त्याच्याबरोबर आक्काही. बिरोबाला डोक्यावर उभं करायची छाती आपल्यात कुणाची? इतकी वर्षं तुम्ही एकाच कडेनं बारामती-इंदापूरच्या बाभळी कापल्या, त्याचं हे फळ. अकबर म्हणाला, "मग द्येव दोनी अंगाला घालायचा हुता."

झीज किती आहे ते बघायला पट्टी अगदी सपाट जागेवर कडेनं उभी करायची असते, असं अकबरचं म्हणणं. कडा सारख्या असतील तर ती आपली आपण उभी राहते, नाहीतर कलते. आमच्या घरात सपाट म्हणावी अशी एकच वस्तू, गोजरबाईचा माहेरचा आरसा. तो ओसरीत आडवा ठेवला आणि वर पट्टी उभी केली. पट्टी रस्त्याकडं कलली. मी म्हणालो, झिजलीय, कलणारच. अकबरनं पट्टीचं तोंड फिरवून, या टोकाचं त्या टोकाला करून उभी केली. म्हणजे आता ती घराकडं कलायला हवी. ती पुन्हा रस्त्याकडं कलली. अकबर म्हणाला, जमीन उताराची आसंल. मी तांब्याभर पाणी ओतलं, ते सरळ घराकडं वाहत माजघरात गेलं आणि गोजरबाईच्या शिव्या घेऊन परत आलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. कोणता रस्ता म्हणाल, तर लिंबापुढून जाणारा, बारामतीला आणि तिथून भिगवणवरून तुमच्या डाळजला जाणारा, तोच.

तरी दुरुस्ती केली. केली म्हणजे यथासांग केली. पट्टी कडबाकुट्टीच्या चौकटीला बांधली, आडवी कानस धरून कड घासली, सुताराचा गुण्या लावून बघितली, पुन्हा घासली. मग रुंदावलेला गाळा मिटवायला अकबरनं रुळाचा तुकडा आणला आणि त्यावर पट्टी धरून हातोडीनं ठोकायला घेतली. ठोकताना गाळ्यात काहीतरी अडसर ठेवायचा असतो हे त्याला गाळा पुरता बंद झाल्यावर आठवलं. मग तो उचकटायला एक दिवस. दुसऱ्यांदा हॅक्सॉ ब्लेडचे दोन तुकडे जोडीनं आत घालून ठोकलं. गाळा बरोब्बर बसला, तेवढ्यात माझा अंगठाही बसला (फडक्याचा उलगडा इथं होतो).

चेन रॉकेलच्या घमेल्यात भिजत घातली होती. ऐन दुपार, अकबर जेवायला गेलेला, कोंबड्या बाजेखाली निपचित, पानसुद्धा हलत नव्हतं. घमेल्यातली चेन वाजली. एकदा नाही, थांबून थांबून, बाई काम करता करता हात मागं घेते तशी. मी आणि गोजरबाई दोघंही तिथंच बसलेलो, घमेल्याला कुणाचा हात नाही, पाय नाही. आतून आईनं विचारलं, "कोण आलंय गं?"

गोजरबाई म्हणाली, "कुणी न्हाय, आत्या."

"मग काकणं कुणाची वाजली?"

गोजरबाई उठली आणि घमेल्यावर पाटा उपडा घातला. पाट्याला चांगला दोन माणसांचा जोर लागतो, तिनं एकटीनं उचलला. दाजी, मी भित्रा माणूस नाही. फक्त तेव्हापासून मी अंगणात एकटा बसत नाही, एवढंच.

चेन चढवायची वेळ आली तेव्हा पट्टी कशी बसवायची यावर आमची पंचायत बसली. सुलटी बसवली तर घासून बारीक झालेली कड पुन्हा खाली येणार. उलटी बसवली तर देव उलटा. अखेरीस उदबत्ती लावली, बिरोबाला म्हटलं की थोडे दिवस डोकं खाली करून सांभाळून घे, आक्काला म्हटलं तूही घे, आणि पट्टी फिरवून नट आवळले. बाभळीच्या ओंडक्यावर लावली. सुतात गेली. ढलपे असे पडले की अकबरनं मूठभर उचलून वास घेतला. त्या क्षणी मला वाटलं, सुटलो. पावसाच्या आत दाजींची चौकट होते, आक्काचा शब्द राहतो, आणि मी पुन्हा कधी कानसेला हात लावणार नाही.

लगेच लिंबाकडं गेलो. ऐन दुपारी लिंबाखाली जाऊ नये म्हणतात, पण अकबरला संध्याकाळी दुसरं काम होतं. रीतीप्रमाणं नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि 'या झाडावर जे कोण राहत असंल त्यानं दुसरीकडं बिऱ्हाड करावं, लाकूड चांगल्या घरी चाललंय,' असं मोठ्यानं सांगितलं. मशीन लावलं. या वेळी मी कापायला सुरुवात मुद्दाम उलट्या अंगानं केली, घराकडून. पट्टी सरळ गेली, आणखी सरळ गेली, मग माझ्या हातात अशी वळली की कुणी मनगट धरून वळवावं. मी जोर लावला, अकबरनं मागून जोर लावला. ती वळत वळत आत गेली आणि पहिल्या दिवशीच्या कापाला जाऊन मिळाली, काटेकोर, आणि तिथून रस्त्याकडं तोंड करून बंद पडली. मशीन बंद झाल्यावर जी शांतता झाली तीत मला एक आवाज ऐकू आला. वारा नव्हता. झोक्याची फांदी तेवढी खालीवर होत होती, आणि दोराच्या खाचेतून लाकूड करकरत होतं.

अकबरनं पाने गोळा केले. "जोत्या," तो म्हणाला, "ह्ये पट्टीचं काम न्हाय." आणि गेला. परवा स्टँडवर दिसला तर रस्ता ओलांडून पलीकडं झाला, जसं काही मीच झाडावर राहतो.

त्या दुपारी मी मशीन बुंध्याशी ठेवून घरी आलो, दोन घास खाल्ले (गेले नाहीत, पण खाल्ले), आणि परत गेलो तर मशीन नाही. बांध पालथा घातला, विहिरीत डोकावलो, उसात शिरलो. शेवटी घरी आलो तर मशीन ओसरीत, आईच्या वाकळेवर, नीट निजवलेलं. पट्टी पुसून लख्ख. आक्काच्या नावावर कुंकवाचं बोट. गाळ्यातून काहीतरी काळं, चिकट पाझरत होतं आणि त्याला मुंग्यांची रांग लागलेली. आणि दाजी, बिरोबा सुलटा होता. मी स्वतः उलटा बसवलेला, नट आवळलेला. पाने अकबर घेऊन गेलेला, माझा एकुलता एक पाना माझ्या खिशात.

मी त्या मशीनला अजून हात लावलेला नाही. ते वाकळेवरच आहे, आम्ही वळसा घालून जातो. लिंब उभा आहे, बुंध्यात एक वाकडा काप घेऊन. तुमची चौकट कशी होणार ते मला सांगता येत नाही. अंगठ्यामुळं अक्षर वाईट आलंय, वाचून घ्यावं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मधल्यांनी आपापलं वाटून घ्यावं.

तुमचा,
जोतीराम

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी आईला वाचून दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, गाळ्यात काकवी मीच ओतली, चेन पुन्हा फिरू नये म्हणून. कुंकूही तिनंच लावलं. मशीनही तिनंच बांधावरून उचलून आणलं, त्या गुडघ्यांनी, लेकरू आणावं तसं काखेला मारून. मी कपाळावर हात मारला. इतके दिवस माझं रक्त आटलं आणि मुंग्यांचं कोडं म्हणजे नुसती काकवी निघाली! मी विचारलं, का गं असं केलंस, तुला लिंब द्यायचा न्हाय का? तर म्हणाली, "द्यायचाय की. माझी लेक माघारी मागितली ती माझीच चूक. दिलेली लेक कुणी माघारी मागतं व्हय? पर लेकीला न्यायला टेम्पोवाला येत न्हाय. पाव्हण्यांनी सोता यावं, मी वटी भरीन, मग घिऊन जावं. तवर ती जायाची न्हाय." ओटीसाठी तांदूळ, नारळ आणि खण काढून तिनं फडताळात ठेवले आहेत. कधी काढले ते विचारलं, तर तुमचा निरोप आला त्याच दिवशी. तेव्हा दाजी, मागणं एवढंच आहे. पट्टीबिट्टी राहू द्या. तुम्ही या.

ता. क. दुसरा. पट्टी सुलटी कुणी केली, हेही आईला विचारलं. ती म्हणाली, "मी आणली तवा द्येव सुलटाच हुता. मला पान्याचं काय कळतंय?" म्हणून आता धीर करून मशीनजवळ बसलो आणि नट बघितले. घट्ट आहेत. खाली चिंधी आहे. नवी, कोरी, हिरव्या काठाची. मी सगळ्या पेट्या उघडून बघितल्या. आईकडं तसलं लुगडं नाही, गोजरबाईकडं नाही. तसलं हिरवं लुगडं या घरानं एकदाच पाहिलंय, आक्काला शेवटचं नेसवलं ते, तुम्हीच भिगवणहून आणलेलं, आणि ते तिच्याबरोबर गेलं. मी नट खोललेले नाहीत. काठ तुम्ही निवडला होता, तुम्हालाच ओळखायला येईल. कधी येताय ते कळवा. आई विचारतेय, चहात साखर अजिबात नको, का तिच्या हातची थोडी चालेल.